चार दांड्या दिसतात, तरी माझा आवाज कुणाला जात नाही: घरच्या अँटेनाबद्दल मदत हवी

आंबोळी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमचं घर राजापूर तालुक्यात, खाडीकडे उतरणाऱ्या घळीत. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागच्या पडवीला पत्रे. बाबांच्या आजारपणामुळे मार्चपासून इथेच आहे आणि ऑफिसही इथूनच चालतं. म्हणजे चालायला हवं.

माजघरात फोन ठेवला की आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलचा जोर, शून्याच्या जितका जवळ तितका बरा) उणे ११६ दिसतो. न्हाणीघराच्या स्लॅबवर चढलं की उणे ९७. म्हणून ऑनलाइन एक अँटेना मागवला. माशाच्या काट्यासारखा आहे, खोक्यावर २८ डीबीआय (एका दिशेला सिग्नल किती एकवटतो ते) लिहिलंय आणि सोबत १५ मीटर काळी बारीक केबल आली. अंगणात लोखंडी पाइप उभा करून टोकाला अँटेना बांधला, केबल कौलांमधून आत घेऊन माजघरातल्या फोर-जी राउटरला जोडली. राउटरला मागे दोन भोकं आहेत, एक रिकामंच आहे.

आता राउटरच्या पानावर आरएसआरपी उणे ९९, एसआयएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे ते) ३. दांड्या चार. डाउनलोड ४ एमबीपीएस आणि अपलोड ०.३. मीटिंगमध्ये मला सगळ्यांचं ऐकू येतं, माझं कुणालाच जात नाही. साहेब म्हणतात, ताई तुम्ही म्यूटवर आहात.

एक टॉवर समोरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) दिसतो, साधारण ४ किलोमीटरवर. दुसरा हायवेच्या अंगाला आहे, तो घरातून दिसत नाही. चुलतभाऊ म्हणतो हे सगळं सोड आणि बूस्टर आण, तीन हजारांत मिळतो. आणू का?

---

बंड्या_दादरकर | सोमवार, रात्री ९:५८

वाचतोय. आमच्या समोरच्या गच्चीवरच टॉवर आहे, तरी हीच रड.

---

तारवाला_काका | सोमवार, रात्री ११:२०

आंबोळीताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण "रेंज नाय" एवढंच सांगतात आणि मग आम्ही ज्योतिष बघायचं.

बूस्टर आणू नका. का ते नंतर सांगतो. आधी तुमचे उणे ९९.

कुठल्याही तारेत इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेने वळवळत असतात. त्याचा खरखराट खोलीच्या तापमानाला दर हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम (डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटच्या तुलनेत, आणि दर १० डीबीला दहापट). यात सूट मिळत नाही, कितीही महागडा रिसीव्हर घ्या. एलटीईमध्ये, म्हणजे फोर-जीत, आरएसआरपी मोजतात तो १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एका उपवाहकावर, म्हणजे सिग्नलच्या एका बारीक पट्टीवर. तेवढ्या रुंदीत मावणारा खरखराट उणे १३२. राउटरचा रिसीव्हर स्वतःचा म्हणून सहा-सात डीबी घालतो असं धरू, म्हणजे उणे १२५. तुमचा सिग्नल त्याच्या २६ डीबी वर आहे, जवळपास चारशे पट. एवढ्यावर नेट पळायला हवं.

पण एसआयएनआर ३ येतोय, म्हणजे जेमतेम दुप्पट. मधले २३ डीबी कुणी खाल्ले? दुसऱ्या टॉवरने. एलटीईत शेजारी-शेजारी टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. जुन्या जीएसएममध्ये, म्हणजे टू-जीत, शेजाऱ्याला वेगळी फ्रिक्वेन्सी द्यायचे, आता तेवढी चैन परवडत नाही. तुमचा अँटेना बहुधा सडा आणि हायवे यांच्या मधेच कुठेतरी बघतोय आणि दोघांचं एकदम ऐकतोय. दांड्या मोजतात आवाज किती मोठा आहे ते. दोन माणसं एकदम कानाशी ओरडली तर आवाज मोठाच येणार, शब्द कळणार नाही. म्हणून अँटेना फिरवताना आरएसआरपीकडे बघूच नका. एसआयएनआर बघा.

आता अपलोड. हे दुखणं वेगळं आहे आणि त्याचं कारण ती काळी बारीक केबल. टॉवर एका वाहकावर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, साधारण ४० वॉट सोडतो. तुमचा राउटर किंवा फोन जास्तीत जास्त २३ डीबीएम, म्हणजे २०० मिलिवॉट. दोनशे पटींचा फरक. खाली येणारी बाजू टॉवर ओरडून निभावून नेतो. वर जाणारी बाजू तुमच्या कुजबुजीवर आणि टॉवरच्या कानावर चालते. त्यात ती केबल आरजी-५८ जातीची असणार. १८०० मेगाहर्ट्झला ती मीटरमागे ०.७ डीबीच्या आसपास खाते. १५ मीटरला झाले दहा. २०० मिलिवॉट आत घातले तर अँटेनाच्या तोंडाशी २० निघतात, बाकीचे १८० केबल तापवायला. साहेबांना तुमचा आवाज जात नाही तो इथे.

आणि ते २८ डीबीआय विसरा. १८०० ला खरोखर २८ हवे असतील तर पावणेदोन-दोन मीटर व्यासाची थाळी उभी करावी लागेल. तुमचा काटा चांगला असेल तर दहा-अकरा देईल. म्हणजे अँटेनाने दहा कमावले आणि केबलने दहा उडवले. स्लॅबवर नुसता हातात धरलेला फोन उणे ९७ दाखवतो आणि हे सगळं लटांबर उणे ९९, यातच आलं.

उपाय: राउटर वर न्या. पाणी न शिरणारा डबा घ्या, राउटर पाइपावर अँटेनाच्या ढुंगणाशी बांधा, मधली केबल वीतभर ठेवा. खाली घरात इथरनेटची केबल आणा, तिच्यातूनच वीज वर पाठवता येते. इथरनेटमध्ये आकडे धावतात. १५ मीटर काय नि ५० काय, काही हरवत नाही.

हा माझा शोध नाही. टॉवरवाल्यांनी हेच केलं. मी नोकरीला लागलो तेव्हा रेडिओ खाली केबिनमध्ये असायचा आणि मनगटाएवढ्या जाड केबली ४० मीटर वर जायच्या. तेवढ्यातही दोन-तीन डीबी जायचेच. फ्रिस नावाचा बेल लॅब्जचा इंजिनिअर होता, त्याने १९४४ मध्ये गणित मांडून ठेवलंय: रिसीव्हरच्या साखळीत पहिल्या अँप्लिफायरच्या आधी जे गमावलं ते पुढे कितीही वाढवून परत मिळत नाही, कारण तोवर खरखराट त्यात मिसळलेला असतो. पुढच्या कड्यांचा खरखराट मात्र पहिल्या कडीच्या वाढीने भागला जातो. म्हणून आधी नुसता एक कमी खरखराटाचा अँप्लिफायर टॉवरवर अँटेनाखाली लावायला लागले, मग सगळा रेडिओच वर चढवला आणि खाली फायबर सोडली. आता टॉवरवर अँटेनामागे दिसतात ते पंख्या-पंख्यांचे राखाडी डबे म्हणजे तेच.

---

खोडदचा_वाटसरू | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, मस्त. यात घरचं उदाहरण घालतो. नारायणगावजवळ आमच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. तिथेही पहिला अँप्लिफायर थाळीच्या केंद्राशी, वर टांगलेला असतो आणि तिथून सिग्नल फायबरने मधल्या इमारतीत येतो. आकाशगंगेपलीकडचा सिग्नल काय नि राजापूरच्या ताईंची मीटिंग काय, नियम एकच.

अवांतर: मोबाइल टॉवर हे दुर्बिणीचं मोठं दुखणं आहे. रिसीव्हर नवे केले तेव्हा एक पट्टा ८५० ला संपवला आणि पुढचा १०५० ला सुरू केला. मधे ९०० मेगाहर्ट्झचा मोबाइल गोंगाट बसतो. कान कुठे उघडायचे याइतकंच कुठे बंद ठेवायचे हेही ठरवावं लागतं.

---

शंकेखोर | मंगळवार, सकाळी १०:०२

बूस्टरबद्दल "नंतर सांगतो" म्हणून काका पसार. आमच्या सोसायटीत तीन घरांत आहेत, झक्कास चालतात.

---

तारवाला_काका | मंगळवार, दुपारी १:३०

पसार नाही हो, डोळे तपासायला गेलो होतो.

विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणं १९३३ च्या कायद्यापासून गुन्हा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहेच. पण पोलीस बाजूला ठेवा, काय बिघडतं ते सांगतो.

सत्यनारायणाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर आला की काय होतं? कुईईई. बूस्टरचा एक अँटेना छपरावर, एक घरात. मधे अँप्लिफायर ७० डीबीचा. दोन अँटेनांमधला अडथळा त्या ७० पेक्षा कमी पडला की घरातलं वर ऐकू जातं, वरचं घरात, आणि यंत्र शिट्टी मारतं. तुम्हाला ऐकू येत नाही, टॉवरला येतं. समजा ती शिट्टी १०० मिलिवॉटची आहे आणि टॉवरपर्यंत जाताना ११० डीबी घटली. टॉवरच्या अँटेनापाशी पोचेल उणे ९०. पाच मेगाहर्ट्झच्या वाहकाला टॉवरच्या कानातला स्वतःचा खरखराट असतो उणे १०४ च्या आसपास. म्हणजे एका घरातल्या तीन हजारांच्या डब्याने आख्ख्या सेक्टरचा (टॉवरच्या एका बाजूच्या सगळ्या भागाचा) कान १४ डीबीने बहिरा केला. जे लांबचे आहेत, घळीत आहेत, ते आधी गळतात. आंबोळीताईंसारखे.

तुमच्या सोसायटीतली तीन घरं झक्कास आहेत. बाकीच्या घरांना विचारलंत का?

---

शंकेखोर | मंगळवार, दुपारी १:४१

चौथं घर माझंच आहे. 😐

---

नटबोल्ट | मंगळवार, रात्री ८:५०

मी रिगर होतो, नऊ वर्षं टॉवरवर चढलो, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. बहिऱ्या टॉवरचा विषय निघालाच आहे तर एक किस्सा.

समुद्रालगतची एक साइट, कंपनीचं नाव नको. तक्रार अशी की संध्याकाळी कॉल तुटतात, पहाटे सगळं ठीक. केबल, जंपर, अँटेना, सगळ्यांची मोजणी स्वच्छ. कार्ड बदललं, अँटेनासुद्धा बदलला. तीन महिने गेले. शेवटी एका वयस्कर फोरमनने वर चढून अँटेनासमोरच्या जुन्या क्लॅम्पवर ओलं फडकं दाबून धरलं आणि खाली आकडा हलला. क्लॅम्पचा बोल्ट खाऱ्या वाऱ्याने गंजून पापड झाला होता.

गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो. दोन वाहक त्याच्यावर आदळले की तिसरेच सूर तयार होतात. आम्ही त्याला पिम म्हणतो. जीएसएम ९०० मध्ये टॉवर बोलतो ९३५ ते ९६० वर आणि ऐकतो ८९० ते ९१५ वर. आता एक वाहक ९३६ ला आणि दुसरा ९५८ ला घ्या. ९३६ ची दुप्पट वजा ९५८ करा. ९१४! सरळ टॉवरच्या कानात. संध्याकाळी गर्दी असते, वाहक भरभरून चालतात, म्हणून तेव्हाच त्रास. फिल्टर लावून हे जात नाही, कारण सूर ऐकण्याच्या पट्ट्यातच जन्मतो.

चाचणी करताना २०-२० वॉटचे दोन सूर सोडतात. परत येणारा तिसरा उणे ११० डीबीएमच्या आसपास किंवा त्याखाली असला तरच पास. ४३ आत, उणे ११० परत. एक कनेक्टर हाताने पिळून सोडला, टॉर्कचा पाना लावला नाही, की नापास.

ताई, तुमच्या पाइपाचे क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या. तुमच्या २०० मिलिवॉटवर पिम होणार नाही, पण दोन पावसाळ्यांत अँटेना डोक्यावर पडेल.

---

पेठेतला | मंगळवार, रात्री १०:१०

दुसरं भोक रिकामं ठेवलंय त्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून बोलतो. ते मायमोसाठी (अनेक अँटेनांनी एकदम पाठवणं-ऐकणं) आहे आणि मायमोत पुण्याचा हात आहे.

(लगेच हसू नका.)

थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. शाळा सेंट व्हिन्सेंट, इंजिनिअरिंग आमच्या सीओईपीत, १९५६. पुढे एमआयटी आणि मग स्टॅनफर्ड. तिथे त्यांच्याकडे आले आरोग्यस्वामी पॉलराज. मूळ तामिळनाडूचे, पण लहान वयात खडकवासल्याच्या एनडीएत दाखल झालेले नौदलाचे अधिकारी. नौदलासाठी त्यांनी अप्सो हा सोनार (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारी यंत्रणा) उभा केला होता. पाण्याखाली अनेक कानांनी ऐकून कुठला आवाज कुठून येतो ते वेगळं काढायचं, ही सवय तिथली. स्टॅनफर्डला १९९२ च्या सुमारास त्यांच्या डोक्यात आलं की पाठवायलाही अनेक अँटेना ठेवले, ऐकायलाही अनेक, तर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी वेगवेगळी माहिती पाठवता येईल आणि पलीकडे गणिताने सोडवता येईल. दोघांच्या नावावर १९९४ चं पेटंट आहे. पॉलराजांना २०१४ चा मार्कोनी पुरस्कार मिळाला.

यातली गंमत बघा. तोवर भिंती-डोंगरांवरून येणारे परावर्तित सिग्नल म्हणजे शत्रू. त्यांनी त्या पडसादांनाच कामाला लावलं. रस्ते जितके वेगळे तितक्या माहितीच्या धारा जास्त.

---

बंड्या_दादरकर | मंगळवार, रात्री १०:२५

पुण्याचा हात असल्याशिवाय काही होतच नाही हे सिद्ध झालं. धागा बंद करा.

---

गणितमास्तरीण | बुधवार, सकाळी ६:५०

पेठेतला यांचं बरोबर आहे, पण दुसऱ्या अँटेनाचा त्याहून साधा फायदा कुणी सांगितला नाही.

अनेक वाटांनी आलेले सिग्नल कधी जुळतात, कधी एकमेकांना खातात. फोन वीतभर सरकवला की रेंज बदलते ती यामुळे. १८०० ला तरंगलांबी १७ सेंटीमीटर, तिच्या अर्ध्याएवढं सरकलात तरी चित्र पालटतं. सरळ दिसणारा टॉवर नसेल तर सिग्नल सरासरीच्या १० डीबी खाली जाण्याची शक्यता साडेनऊ टक्के. आता दोन अँटेना घ्या, दोघांचं नशीब एकमेकांवर अवलंबून नाही असं समजा. दोघेही एकाच वेळी खड्ड्यात असण्याची शक्यता ०.०९५ चा वर्ग, ०.९ टक्का. खड्डा २० डीबीचा घेतला तर एक टक्क्यावरून थेट ०.०१ टक्का. शक्ती एका वॉटनेही वाढवली नाही, नुसता दुसरा कान लावला. आणि दोघांतला बरा निवडण्याऐवजी ज्याचं स्पष्ट त्याला जास्त वजन देऊन बेरीज केली तर याहून चांगलं.

माझा प्रश्न काकांना: जमिनीवर अर्धी तरंगलांबी पुरते, मग जुन्या टॉवरांवर दोन अँटेना तीन-तीन मीटर लांब का असायचे?

---

तारवाला_काका | बुधवार, सकाळी ९:०५

बाईंनी बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. तुमच्या भोवती भिंती, झाडं, माणसं, म्हणून फोनकडे सिग्नल सगळ्या बाजूंनी येतो. ४० मीटर उंचीवर टॉवरभोवती आहे काय, घारी. तुमच्याकडून निघालेलं सगळं तिथे एका चिंचोळ्या कोनातून पोचतं, त्यामुळे जवळजवळच्या दोन अँटेनांना सारखंच ऐकू येतं. वेगळं ऐकू यायला दहा-वीस तरंगलांबींचं अंतर लागायचं. ९०० ला एक तरंगलांबी ३३ सेंटीमीटर, म्हणजे कमीत कमी तीन मीटर. म्हणून ते लांब लांब हात.

मग लक्षात आलं की अंतर नको, तिरपेपणा पुरे. एकाच पेटीत एक अँटेना ४५ अंश उजवीकडे झुकलेला, दुसरा ४५ अंश डावीकडे. पडसादांमध्ये ध्रुवण (लहर कुठल्या कलाने हलते ते) विस्कटतंच, त्यामुळे दोघांना वेगवेगळं ऐकू येतं. आज टॉवरवर दिसणारी जवळजवळ प्रत्येक उभी पेटी अशी आहे. फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पेटीत तर ६४ कान असतात. तिथे तरंगलांबी साडेआठ सेंटीमीटर, म्हणून मावतात.

आंबोळीताई, तुम्हीही तेच करा. तसलाच दुसरा काटा आणा. एक ४५ अंश इकडे, एक ४५ अंश तिकडे झुकवा, समोरून बघितलं तर फुली दिसायला हवी. दोन्ही नाकं एकाच दिशेला. आणि पाइपाला अर्थिंग करा, वैशाखातल्या विजा विसरू नका.

---

मृग_नक्षत्र | बुधवार, दुपारी ४:३०

पावसात रेंज जाते त्याला काही करता येईल का? आमच्याकडे चार थेंब पडले की नेट गुल.

---

नटबोल्ट | बुधवार, संध्याकाळी ७:१२

१८०० किंवा ९०० ला पाऊस स्वतः जवळपास काहीच खात नाही. खातात ओली पानं. आणि कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी. पण खरा दोषी बहुतेकदा टॉवरच्या पाठीला असतो. फायबर नसेल तर तो मागच्या टॉवरशी छोट्या गोल थाळीने बोलतो, १५ किंवा २३ गिगाहर्ट्झवर. ती लिंक मुसळधार पावसात झोपते. तुम्हाला दांड्या पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. ते नसेल तर लाइट गेलेली असते नि बॅटरी म्हातारी. तुम्ही घरी कितीही अँटेना लावा, उपयोग शून्य.

---

आंबोळी | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:०५

मंडळी, हिशोब द्यायला आले.

राउटर डब्यात घालून पाइपावर चढवला, खाली इथरनेट. दुसरा काटा आणला, फुली केली. सड्याकडे तोंड करून आरएसआरपी उणे ८७ आला. पण एसआयएनआर ८ वरच अडला. डावं-उजवं अंशाअंशाने फिरवून झालं, चुलतभाऊ खालून आकडे ओरडतोय, मी शिडीवर.

मग काकांचं "आरएसआरपीकडे बघूच नका" आठवलं आणि उलटंच करून बघितलं. पाइप दोन मीटर खाली घेतला. आता हायवेच्या बाजूला आमच्या घराची जांभ्याची भिंत आणि मागची टेकडी आड येते, सडा मात्र अजून दिसतो. आरएसआरपी घसरून उणे ९१ झाला, एक दांडी कमी झाली, आणि एसआयएनआर चढला १३ वर. डाउनलोड ३१, अपलोड ९. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ताई जरा हळू बोला.

---

तारवाला_काका | रविवार, संध्याकाळी ६:४०

हे मी सांगितलं नव्हतं. टेकडीचा फिल्टर केलात. नोकरीत आम्ही याच कामाला अँटेनाचं तोंड दोन-चार अंश खाली झुकवायचो, पलीकडच्या सेक्टरच्या डोक्यावर बोलू नये म्हणून.

---

आंबोळी | मंगळवार, सकाळी ११:१५

काका, आज सकाळी एसआयएनआर एकदम ६. घाबरून वर बघितलं तर काकूने दोन पाइपांना दोरी बांधून त्यावर ओली गोधडी टाकलेली, बरोबर काट्यांच्या नाकासमोर. गोधडी आंब्याखाली हलवली. १३.